गारपिटीची ‘शक्यता’ म्हणजे नेमकी किती?

फेब्रुवारी अर्धा सरला की शिरूर कासारच्या शिवारात रब्बीची ज्वारी काढणीला येते, हरभऱ्याच्या सुड्या लागतात, कांदा पोसत असतो आणि मोसंबीवर आंबे बहराची फुले असतात. नेमक्या याच दिवसांत एखाद्या दुपारी मोबाइलवर ओळ येते : ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपिटीची शक्यता.’ मग पारावर आणि चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, नुसते भरून येईल, चार थेंब पडतील आणि उघडेल. दुसरा पश्चिमेच्या काळ्या ढगाकडे बोट दाखवतो आणि चौदा सालची आठवण काढतो. रात्री गार पडली नाही, तर सकाळी पहिला जिंकतो आणि हवामान खात्याला चार शब्द ऐकावे लागतात. पडली, तर दुसरा जिंकतो. पण तेव्हा जिंकण्यात कुणाला रस नसतो.

चौदा सालची आठवण निघते ती उगाच नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. एक दिवस, एक पट्टा असे तिचे स्वरूप नव्हते. २८ जिल्ह्यांना तिचा फटका बसला आणि बीड त्यांत होता. शेते पांढरीफेक झाली. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बीड, बुलढाणा या भागांत पुन्हा तोच प्रकार झाला. अशा दिवसांनंतर ‘गावाचे काश्मीर झाले’ असे मथळे येतात आणि लोक फोटो काढतात. महाराष्ट्रात आकाशातून बर्फ पडतो तो एवढाच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत जे पांढरे दिसते ते गोठलेले दव असते, ते वरून पडलेले नसते.

दोन्ही तटांचे भांडण प्रामाणिक असते. फक्त ते चुकीच्या प्रश्नावर चालते. ‘पडणार की नाही’ या प्रश्नाला आदल्या दिवशी उत्तर नसते. आणि ज्या एका ओळीवरून भांडण सुरू होते, तिच्यातले दोन शब्द बहुतेकांनी चुकीचे वाचलेले असतात.

पहिला शब्द ‘तुरळक ठिकाणी’. हा शब्द गारेच्या किंवा पावसाच्या जोराबद्दल काही सांगत नाही. तो क्षेत्राचा शब्द आहे. त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी घटना घडेल, असा खात्याच्या परिभाषेत त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हटले की २६ ते ५० टक्के, त्याच्या वरच्या पायरीला ५१ ते ७५ आणि त्याहून वर गेले की जवळपास सगळीकडे. म्हणजे ‘तुरळक गारपीट’ वाचून ‘बारीकसारीक गारा पडतील’ असे समजणारा शेतकरी फसतो. तुरळक ठिकाणी पडणारी गार लिंबाएवढीही असू शकते.

दुसरा शब्द ‘शक्यता’. रोजच्या मराठीत ‘तो येण्याची शक्यता आहे’ म्हटले की ऐकणारा ‘बहुधा येईल’ असेच धरतो. खात्याच्या इशाऱ्यांत मात्र साधी शक्यता म्हणजे २५ ते ५० टक्के. ‘दाट शक्यता’ ५० ते ७५, आणि त्यापुढची पायरी ७५ च्या वर. याचा सरळ अर्थ असा, की ‘शक्यता आहे’ असे चार वेळा सांगितले तर निदान दोन वेळा काहीच घडू नये. तसे घडले नाही, दर वेळी गारा पडल्याच, तर तो अंदाज चुकीचा म्हणावा लागेल. ‘सांगितले होते आणि पडली नाही’ ही जी तक्रार पारावर होते, तिच्यातला मोठा भाग मराठी शब्दाच्या सैलपणातून आलेला आहे, विज्ञानाच्या अपयशातून नव्हे.

आता हे दोन शब्द एकत्र धरा. समजा, जिल्ह्यात कुठेतरी गार पडण्याची शक्यता ४० टक्के आहे आणि पडलीच तर ती शंभरातल्या पाच गावांवर पडेल. मग एका ठरावीक गावाच्या वाट्याला येते ती फक्त २ टक्के शक्यता. रायमोहच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो निवांत झोपेल. पण हंगामात असे पाच इशारे आले, तर त्याच गावावर एकदा तरी गार पडण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास जाते. दहा वर्षांत एकदा. जुन्या माणसांची आठवणही साधारण याच अंतराने गारपिटी मोजते.

गावाचे नाव घेऊन आदल्या दिवशी का सांगता येत नाही, याचे कारण ढगाच्या पोटात आहे. हिवाळा संपता संपता उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकतात आणि त्यांच्याबरोबर वरच्या थरात थंड, कोरडी हवा खाली महाराष्ट्रापर्यंत उतरते. त्याच वेळी अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येऊन मराठवाड्यात भिडतात. खाली दुपारचे ऊन तापलेले असते. खाली गरम व ओली, वर थंड, अशी हवा रचली गेली की ती उलथते आणि ढग काही मिनिटांत दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या मध्यभागी पाणी शून्य अंशाखालीही द्रवरूपातच तरंगत असते. बर्फाच्या एखाद्या कणाला ते चिकटत जाते, खालून येणारा वाऱ्याचा झोत त्या कणाला वर झेलून धरतो आणि तो पोसत राहतो. झोताला पेलवेनासा झाला की खाली.

खरा अटीतटीचा खेळ इथून पुढे सुरू होतो. या दिवसांत शून्य अंशाची पातळी आपल्याकडे साधारण चार-साडेचार किलोमीटरवर असते. तिथून जमिनीपर्यंत गारेला उबदार हवेतून यायचे असते. लहान गार वाटेतच विरघळते आणि शिरूरला टपोरे, थंडगार थेंब पडतात. थोडी मोठी असली, किंवा खालची हवा कोरडी असून बाष्पीभवनाने गार झाली, तर तीच गार अंगणात नाचते. पावसाळ्यात ढग काही कमी नसतात, पण तेव्हा शून्याची पातळी आणखी वर असते, हवा ओली असते आणि झोत तेवढे जोरकस नसतात. म्हणून श्रावणात गारा पडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र एखाद-दोन अंशांच्या फरकावर सगळे ठरते. त्यात गारेचा पट्टा काही किलोमीटर रुंद. तिंतरवणीत ज्वारी झोपते आणि शेजारच्या शिवारात धुरळाही बसत नाही, हे दैव नाही, ढगाची रुंदी आहे.

हा फरक पकडायला जे डोळे लागतात तेही दूर आहेत. मुंबईचे रडार शिरूर कासारपासून हवाई अंतराने अडीचशे किलोमीटरहून लांब. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकत जाते, त्यामुळे तो इथे पोहोचतो तेव्हा जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर उंचीवर असतो. ढगात गार तयार होते आहे हे त्याला कदाचित दिसेल; ती खाली येताना विरघळली की टिकली, हे दिसणार नाही. आणि भांडण तर त्यावरच आहे. मराठवाड्याच्या मधोमध रडार असावे हा आग्रह रास्त आहे तो एवढ्यासाठी. पण रडार आले तरी ते शेवटच्या तास-दोन तासांची खात्री वाढवील. आदल्या दिवशीची अनिश्चितता राहणारच.

ती केवळ आपल्याकडेच राहते असे नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत दर हिवाळ्यात हाच वाद होतो : वादळ तर येतेय, पण बर्फ साचणार की नुसता पाऊस? जानेवारी २०१५ च्या अखेरीस तिथे न्यूयॉर्क शहरासाठी २० ते ३० इंच बर्फाचा अंदाज होता. भुयारी रेल्वेदेखील बंद ठेवली गेली. सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात साचला तो ९.८ इंच. वादळ खोटे नव्हते. त्याचा दाट पट्टा थोडा पूर्वेला सरकला, आणि लाँग आयलंडवर बर्फाने दोन फुटांची मजल गाठली. जगातली उत्तम यंत्रणा, भरपूर रडारे, आणि तरीही चूक एवढीच, की पट्टा नेमका कुठे जाईल. तिथली हवामान सेवा आज बर्फाचा अंदाज देताना अपेक्षित आकड्याबरोबर किमान आणि कमाल आकडाही देते, म्हणजे दहात एखाद्या वेळी किती साचू शकेल हे लोकांना आधीच कळते. बीडच्या शेतकऱ्याला हे कळणार नाही, असे मानायचे काही कारण नाही. बाजारभाव, पाणीपाळी, लग्नाची तारीख आणि सावकाराचे व्याज यांचा हिशेब एकाच वेळी डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला ‘शंभरात तीस’ समजते.

आणि आकडा मिळाला तर तो त्याच्या उपयोगाचा आहे. एक हिशेब मांडून पाहू. हरभऱ्याच्या सुडीवर ताडपत्री टाकायला मजुरीसह पाचशे रुपये लागतात असे धरा, आणि भिजून-फुटून होणारे नुकसान वीस हजारांचे. पाचशे भागिले वीस हजार, म्हणजे अडीच टक्के. गावावर गार किंवा जोराचा पाऊस येण्याची शक्यता अडीच टक्क्यांहून जास्त असली की ताडपत्री टाकणे शहाणपणाचे. वादाची गरजच नाही. आता ज्वारी पाहा. दाणा पुरता भरायच्या आत काढली तर समजा तीस टक्के उत्पन्न जाते, आणि उभी राहून गारेत सापडली तर ऐंशी टक्के. तीस भागिले ऐंशी, म्हणजे साडेसदतीस टक्के. एवढी शक्यता असल्याशिवाय हिरवी ज्वारी उपटायला धावणे म्हणजे गार पडायच्या आधीच स्वतःच्या हाताने नुकसान करून घेणे. इशारा एकच, पण तो सुडीला ‘झाका’ म्हणतो आणि उभ्या पिकाला ‘थांबा’. ‘पडणार’ किंवा ‘नाही पडणार’ एवढेच उत्तर मागणाऱ्याला हा फरक करता येत नाही.

म्हणूनच व्हॉट्सअॅपवर ठाम तारखा देणाऱ्या अंदाजांचे कौतुक जरा जपून करावे. ‘अमुक तारखेला बीड जिल्ह्यात गारपीट होणार म्हणजे होणार’ हे वाक्य ऐकायला धीर देते, कारण त्यात ‘शक्यता’ नाही. पण ज्या गोष्टीत अनिश्चितता आहे तिथे ती झाकणारा अंदाज अधिक ज्ञानी नसतो, फक्त अधिक मोठ्या आवाजात बोलतो. खरा ठरलेला संदेश पुढे पाठवला जातो, खोटा ठरलेला पुसला जातो. गार फोडणाऱ्या आवाजाच्या तोफांचेही तसेच. अनेक देशांत बागायतदारांनी त्या विकत घेतल्या. आवाजाने गार थांबते याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. ज्याला खर्चच करायचा आहे त्याने तो फळबागेवर जाळी टाकण्यावर करावा.

हवामान खात्यालाही सूट देऊन चालणार नाही. आपल्या शब्दांमागचे आकडे खाते स्वतःच ठरवते, पण तालुक्याच्या माणसापर्यंत पोहोचतो तो फक्त शब्द. नकाशाखाली बारीक अक्षरांत असलेली टक्केवारी मराठी संदेशात येत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तो उपयोगी असतो; मात्र जिल्हा पातळीवर हाच सल्ला बारकाईने देण्यासाठी देशभरात उभारलेली १९९ केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. अंदाज करणारे संगणक वाढवायचे आणि तो अंदाज गावाच्या भाषेत सांगणारी माणसे कमी करायची, हा उलटा व्यवहार आहे.

पिकाचा हिशेब एकदा बाजूला ठेवू, कारण गार माणसावरही पडते. दोन-अडीच ते चार सेंटीमीटरची गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने खाली येते, आणि त्याहून मोठी आणखी वेगाने. ३० एप्रिल १८८८ ला उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे गेली. गारपिटीच्या बळींचा तो जागतिक उच्चांक आजही नोंदलेला आहे. रानात अडकलेल्या माणसाने आधी डोके वाचवावे. घडी घातलेले पोते, गोधडी, जे हाताशी असेल ते डोक्यावर घ्यावे. झाडाखाली जाऊ नये. गार पाडणारा ढग तोच विजेचा ढग असतो, आणि आपल्याकडे वीज गारेपेक्षा कितीतरी अधिक जीव घेते. मुलांना गारा वेचायला अंगणात सोडण्याची जी हौस असते ती इथेच धोक्याची ठरते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास घराबाहेर पडू नये, हा नियम मुलांच्या हातातल्या वाटीलाही लागू आहे. शेळ्या-मेंढ्यांचा जीव माराने जातो तितकाच नंतरच्या गारठ्यानेही जातो. भिजलेले करडू किंवा कोकरू आधी कोरडे पुसून उबेला ठेवायचे, मग पाजायचे.

पण शिरूर कासारची अर्धी काळजी शिरूर कासारमध्ये नसतेच. दिवाळीच्या सुमारास इथून, पाटोद्यातून, आष्टीतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात आणि मार्चनंतर परततात. गारपिटीच्या दिवसांत गावात असतात म्हातारी माणसे आणि राखणीची जनावरे. तरणी माणसे, लेकरे, गरोदर बायका सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा बेळगावकडच्या एखाद्या फडाजवळ कोपीत असतात. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वर ताडपत्री. लिंबाएवढ्या गारेपुढे तिचा काय टिकाव लागणार? फोनवर मात्र इशारा येतो तो बहुतेकदा गावाकडचा, कारण अॅपमध्ये जिल्हा निवडलेला असतो बीड. पहिली दुरुस्ती फुकटातली आहे : जिथे मुक्काम आहे तो जिल्हा निवडायचा.

दुसरी दुरुस्ती फुकट नाही, आणि ती मजुरांनी करायची नाही. वरचाच हिशेब इथे लावला तर कोपीतल्या माणसांना दोन तास पक्क्या छपराखाली हलवायला फार थोडा खर्च येतो, आणि न हलवण्याची किंमत जीव आहे. त्यामुळे शक्यता अगदी कमी असली तरी हलवणेच बरोबर. अडचण अशी, की मजुरी टनावर ठरते आणि उचल आधीच अंगावर असते. कोयता थांबला की नुकसान तोडणाऱ्याचेच. मग आभाळ काळे होत असतानाही मोळ्या बांधल्या जातात. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी अर्धा दिवस काम थांबले तर त्याची मजुरी कारखान्याने द्यावी, वस्तीजवळची शाळा किंवा गोदाम उघडून ठेवावे आणि संदेश मुकादमाच्या फोनवर थेट जावा. पाच इशाऱ्यांपैकी चार फुकट गेले तरी गाळप हंगामाच्या खर्चात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान असेल. फुकट गेलेल्या त्या चार दिवसांना ‘अंदाज चुकला’ म्हणायचे की नाही, हे मग कोपीतल्या बाईला विचारावे.

राहता राहिली नोंद. महावेधची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांत उभी आहेत. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. गार मोजत नाहीत. त्यामुळे गार कागदावर येते ती पंचनाम्यातून, म्हणजे नुकसान झाले तरच. पडीक रानात पडलेली, किंवा वाटेत विरघळून हरभऱ्याएवढी उरलेली गार कुठेच लागत नाही, आणि उद्याचा अंदाज सुधारायला तीच माहिती लागते. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९९८ पासून सामान्य लोकांनी चालवलेले पाऊस, गार आणि बर्फ मोजण्याचे जाळे आहे. गारेसाठी ते वापरतात थर्माकोलसारख्या फोमचा चौकोनी तुकडा, त्यावर गुंडाळलेला अॅल्युमिनियमचा कागद. गार पडली की कागदावर खळगे उठतात. खळग्यांवरून गारेचा आकार आणि संख्या कळते. असा तुकडा तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या गच्चीवर ठेवता येईल. सातवीतली मुले तो सहज सांभाळतील, गार थांबल्यावर पट्टी लावून मोजतील आणि वहीत तारीख, वेळ, आकार लिहितील. वहीत आणखी एक रकाना लागेल : ‘इशारा होता, गार पडली नाही.’ चार-पाच हंगामांत सर्वांत जास्त नोंदी त्याच रकान्यात जमतील.